महबूबच्या नावची गाडी

मिरकाब, कुवेत
२८ नोव्हेंबर १९५८

चि. बिल्कीस हिस,
अशरफचा सलाम व दुवा. वि. वि.

आज शुक्रवार. सकाळी कपडे धुतले. जुम्याची नमाज पढून कब्रस्तानात गेलो. वाऱ्याने महबूबच्या कबरीवरची वाळू सरकली होती, ती हाताने सारखी केली. संध्याकाळी खोलीतल्या लोकांनी मासळी आणली होती, ती खाल्ली.

भावाच्या चाळिसाव्या दिवसाचा फातिहा नीट पार पडल्याचं तुझं पत्र मिळालं. इथले त्याचे कपडे मी गरजूंना वाटले. तू विणलेला स्वेटर तेवढा ठेवला आहे.

शुवैखच्या गोदामात काम बरं चाललं आहे. आमचे अमेरिकन साहेब नवी गाडी घेणार आहेत. महबूब चालवायचा ती निळी गाडी ते वर्ष संपायच्या आत मिशनच्या खैराती दवाखान्याला देऊन टाकणार आहेत. आजाऱ्यांची ने-आण करायला उपयोगी पडेल. गाडीची कागदपत्रं करायला मला सांगितलं आहे.

अम्मा जेवत नाही हे बरं नाही. तू समोर बसून तिला खाऊ घालत जा. मी लिहितो थोडं, म्हणून माया थोडी आहे असं समजू नये.

तुझा भाई
अशरफ


दाभोळ
८ डिसेंबर १९५८

ती. भाई यांस,
बिल्कीसचा सलाम. वि. वि.

तुमचं पत्र म्हणजे तारच. त्यातही अर्धी वाऱ्याची बातमी! पण या वेळच्या पत्राने घरात काय झालं ते ऐका.

मी गाडीचं वाचलं तशी अम्माने मला थांबवलं आणि तेवढंच पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली की साहेबाने माझ्या लेकाच्या नावाने गाडी खैरात केली. महबूबने गाडीला टेकून काढलेला फोटो भिंतीवर आहे ना, त्यामुळे तिच्या लेखी ती गाडी त्याचीच. मला म्हणाली, पेज आण. भाई, तिने आपण होऊन खायला मागितलं ते किती दिवसांनी! दुसऱ्या दिवशी डोक्यावर ओढणी घेऊन फखरुन्निसा चाचीकडे सांगायला गेली. मशिदीत पेशइमामांनी जुम्याला साहेबांसाठी दुआ केली. इतके दिवस तिचा एकच घोर होता की पोरगं परक्या वाळूत गेलं आणि तिकडे त्याच्या नावाने कोणी काही दिलं नाही.

आता तिचे प्रश्न. साहेबांची आई हयात आहे का? त्यांना कोकम चालेल का? आणि मुख्य म्हणजे, गाडी देताना साहेब महबूबचं नाव घेणार ना? नाव घेतल्याशिवाय खैरातीचं पुण्य त्याला पोचणार नाही, असं तिचं म्हणणं आहे. हे नक्की विचारून लिहा.

जेवण वेळेवर करा. घरच्यांवरची माया आहे तशीच राहू दे.

तुमची
बिल्कीस


मिरकाब
१६ डिसेंबर १९५८

चि. बिल्कीस हिस,
सलाम व दुवा. वि. वि.

हे पत्र मुद्दाम तुझ्या शाळेच्या पत्त्यावर टाकतो आहे. घरी नेऊ नकोस.

अमेरिकेत माणसाच्या कमाईवर सरकार कर घेतं. त्यांचं वर्ष डिसेंबरअखेर संपतं. त्याआधी धर्मादाय संस्थेला एखादी वस्तू दिली, तर तिची किंमत कमाईतून वजा होते आणि कर कमी बसतो. साहेब गाडी देतात ते एवढ्यासाठी. महबूबचा त्यात काही संबंध नाही. साहेब माणूस वाईट नाहीत. महबूबला ताप चढला तेव्हा स्वतः दवाखान्यात घेऊन गेले, मयतीला उन्हात उभे राहिले. पण त्याला ते बॉब म्हणत. पुरतं नाव त्यांना ठाऊक असेल असं वाटत नाही.

मी नीट लिहिलं असतं तर अम्माचा असा समज झाला नसता. ती जेवू लागली हे वाचून आधी बरं वाटलं, मग झोप उडाली.

त्यात परवा एक व्यापारी गाडी बघून गेला. रोख किंमत बरी मिळाली तर साहेब विकूनही टाकतील. रोज सकाळी गोदामाशी पोचलो की आधी निळी गाडी जागेवर आहे का ते बघतो. अम्माला काय सांगायचं ते मला सुचत नाही. तू कळव. तुझ्याशिवाय विचारावं असं कोणी नाही.

अशरफ


दाभोळ
२४ डिसेंबर १९५८

ती. भाई यांस,
सलाम. वि. वि.

पत्र शाळेत वाचलं आणि तिथेच मुलांचं दूध तापवायच्या चुलीत घातलं. मुलांना वाटलं, बाईंच्या डोळ्यांत धूर गेला.

अम्माला काही सांगितलेलं नाही. तुमची पत्रं मीच वाचते, तेव्हा गाडी विकली गेली तरी दिली म्हणून वाचू शकते. पण ती पत्राकडे बघत नाही, माझ्या तोंडाकडे बघते. मला ते निभेल असं वाटत नाही. काल तिने आपल्या हाताने भाकरी भाजली. ती पुन्हा अंथरुणाला खिळली तर मी एकटी काय करू?

भाई, तुम्ही आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नाहीत. पगारवाढ मागायचा विषय निघाला की महबूब तुमची नक्कल करून दाखवायचा, आठवतं? तोंड उघडायचं आणि पाणी पिऊन परत यायचं! या खेपेला पाणी पिऊ नका. साहेबांशी बोला. रागावले तर रागावले.

हे तुम्हाला वेळेत पोचेल का, याचीच धास्ती आहे. रागाने लिहिलं असलं तरी जीव तुमच्यापाशीच आहे.

बिल्कीस


मिरकाब
३१ डिसेंबर १९५८

चि. बिल्कीस हिस,
सलाम व दुवा. वि. वि.

तुझं पत्र अजून आलेलं नाही. थांबायला वेळ नव्हता. हे पत्र घरच्या पत्त्यावर टाकतो आहे.

व्यापाऱ्याने किंमत पाडली. साहेबांनी हिशेब केला आणि दान देणंच बरं ठरवलं. आज सकाळी त्यांनी स्वतः गाडी दवाखान्यात नेली. कागदपत्रं घेऊन मी शेजारी बसलो होतो. महबूबच्या जागेवर दुसऱ्याला बसलेलं बघवत नव्हतं, म्हणून बाहेर बघत राहिलो.

तिथल्या कारकुनाने पावती साहेबांच्या नावे केली. साहेबांनी किल्ली पुढे केली, तेव्हा मी त्यांना थांबवलं. म्हटलं, देताना आमच्या महबूबचं नाव घ्याल का? त्यांना वाटलं, मी पावतीवर नाव घालायला सांगतो आहे. ते म्हणाले, तसं केलं तर मला वजावट मिळणार नाही. मी म्हटलं, कागदावर नको, नुसतं तोंडाने. आमच्या आईने विचारलं आहे.

तेव्हा साहेबांनी मला त्याचं पुरतं नाव विचारलं. मी सांगितलं, महबूब हसन दळवी. त्यांनी ते माझ्यामागून म्हटलं. पहिल्यांदा चुकलं, म्हणून आपण होऊन पुन्हा म्हटलं, आणि मग किल्ली दिली. कारकून आमच्याकडे बघत होता. परत येताना टॅक्सीत साहेब पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. रागावले की काय, ते उद्या कामावर गेल्यावर कळेल.

अम्माला सांग, नाव घेऊनच दिली. हे पत्र सगळं जसंच्या तसं वाचून दाखव. याने त्याला पोचतं की नाही ते अल्ला जाणे. अम्मा आणखी काही विचारील, त्याची भीती वाटते. साहेबांची आई हयात आहे का ते विचारायचं राहिलं. आपसातली माया अशीच राहो.

खोलीतले सगळे बाहेर गेले आहेत. आता उठतो. खालच्या दुकानातून कांदे आणून एकट्यापुरती डाळ करतो.

तुझा भाई
अशरफ