धाकट्याच्या हिश्शाबाबत

मी, धंद्याने पाट्या रंगवणारा, पन्नाशीला टेकलेला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही धाकाशिवाय, माझ्या मर्जीने लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर धीर देतात, देवावर भरवसा आहे. तरी कागद झालेला बरा. माझी शाळा खेड्यातली, त्यामुळे भाषा साधी आहे. वकिलांनी ती तशीच ठेवावी.

राहते घर व बँकेतली शिल्लक पत्नीला. तिने आयुष्यभर माझ्या कपड्यांवरचे रंगाचे डाग घासले. डागही निघाले नाहीत आणि तिची कुरकुरही थांबली नाही. मला दोन्हींची सवय झाली.

मोठी शिडी बहिणीच्या यजमानांना. "दोन कानाखाली वाजवा, खेळ सुटेल," असे ते माझ्या धाकट्या भावाबद्दल चारचौघांत म्हणाले होते. त्यांना सगळे वरूनच दिसते, म्हणून शिडी. रागाने देत नाही. थोड्या रागाने देतो.

आता दुकान. ते माझ्या नावावर असले तरी निम्मे धाकट्याच्या हातांनी उभे राहिले. रेघ न आखता सरळ ओळ लिहावी ती त्यानेच. तो मोबाइलवर पैसे लावून खेळतो हे आम्हाला फार उशिरा कळले, आणि कळले तेही रस्त्यावरून. आमच्या कामात पाटीला आधी पांढऱ्या रंगाचा हात देतात, तो वाळला की अक्षरे काढतात. धाकटा दुकानदारांकडून आगाऊ रक्कम घेई, पांढरा हात मारी आणि पुढच्या दुकानी जाई. एके दिवशी मान वर करून पाहिले, तर निम्म्या रस्त्यावर कोऱ्या पाट्या. शिंपी म्हणाला, "काय हो, गिऱ्हाइकानं आम्हाला काय समजायचं? शिंपी की दवाखाना?"

त्या पाट्या मी पुऱ्या केल्या. त्याची देणी फेडली. पुन्हा झाली, पुन्हा फेडली. शेवटी उपचार केंद्रातल्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "दादा, तुम्ही फेडता, तो मोकळा होतो आणि परत खेळतो. हा आजार आहे. त्याची लाज नको, पण त्याच्या हातात पैसाही नको." ठरलेल्या दिवशी बाईंशी बोलणे, घरच्यांची बैठक, फोनवरचे खेळ बंद करून घेणे, व्यवहार दुसऱ्याच्या हाती, असे उपचार चालू आहेत. मध्ये बरेच दिवस चांगले गेले, मग घसरला. "घसरला म्हणजे संपलं असं नाही, परत घेऊन या," बाई म्हणाल्या. परत नेले. देवापुढे मी त्याच्यासाठीच हात जोडतो. याहून जास्त काय करावे, मला खरोखर कळत नाही.

म्हणून दुकानाचा निम्मा हिस्सा धाकट्याला, उरलेला निम्मा पत्नीला. मात्र पत्नीच्या सहीशिवाय त्याने तो विकू अथवा गहाण टाकू नये. रस्त्याकडची भिंत जाहिरातीला कोणी कितीही भाड्याने मागितली तरी देऊ नये. तिच्यावर एवढेच असावे: "पैसे लावून खेळणं थांबत नसेल, तर तो आजार आहे. उपचार होतात. घरच्यांनीही यावं." खाली केंद्राचा पत्ता.

सह्या होण्याआधी पुढचा भाग जोडतो. इथवर पत्नी व धाकट्यासमोर वाचून झाल्यावर वकील म्हणाले, "साक्षीदाराला यातून काही मिळता कामा नये. त्यानं सही केली की त्याचा हिस्सा गेला." धाकट्याने पेन उचलले.

"अरे, हिस्सा जाईल तुझा."

"म्हणूनच, दादा. विकायला वहिनी नाही म्हणेल, मी पाया पडेन, मग ती हो म्हणेल. मला माझं माहीत आहे. आज कळतंय, तोवर करू दे."

हे त्याचे शहाणपण की सकाळीच काही हरल्याचा पश्चात्ताप, मी विचारले नाही. विचारले असते तरी खरे कळले नसते. अडवावे तर तो हिस्साच त्याला खाणार. न अडवावे तर माझ्या पाठीमागे भाऊ रिकाम्या हाताचा. त्याने सही केल्यास त्याचा हिस्सा पत्नीला जावा, आणि तिने त्याला कामावर ठेवावे, उपचार सोडू देऊ नये. ब्रश मी आत्ताच, जिवंतपणी, त्याला दिले.

कागद त्याच्याकडे सरकवतो आहे.

सही: पाट्या रंगवणारा
साक्षीदार: १. शेजारचे छापखानेवाले (सही)
२. धाकटा भाऊ (सही)
ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यातला सोमवार