निळ्या फुलाची अट

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नसल्यामुळे तो उभ्यानेच केला आहे, तू मोठ्या मनाने पूर्ण धरून घे.) तुझी पाठ कशी आहे? बीपीची गोळी घेतेस ना, की डबीत साठवून ठेवतेस? सूनबाईंना फोनवर विचारलं तर म्हणाल्या, आई बऱ्या आहेत, खिडकीत बसलेल्या असतात. खिडकीत बसणं ही काही प्रकृतीची खुशाली नव्हे, हे मी त्यांना बोललो नाही, तुला सांगतो. इकडे आम्ही दोघं ठीक. हिला हॉस्पिटलातून निवृत्त होऊन इतका काळ झाला, तरी घरात अजून वॉर्डाचीच शिस्त आहे आणि पेशंट मी एकटाच आहे.

पत्राचं कारण तुझ्या ध्यानात आलं असेल. नसेल आलं, किंवा आलं असूनही तू न आल्यासारखं करत असशील, तर आठवण करून देतो. दाजी गेले, घर विकलं, नव्या मालकाने त्यांच्या डेल्फिनियमच्या, त्या निळ्या तुऱ्यांच्या फुलझाडांच्या वाफ्यावर फरशी घातली, आणि तू मुलाकडे पाचव्या मजल्यावर जाऊन बसलीस ती अजून खाली उतरलेली नाहीस. मी दर वेळी म्हणायचं, ताई, चार दिवस ये. तू दर वेळी नवं कारण काढायचंस. कारणं संपली तेव्हा तू दाजींच्या शेवटच्या सुकलेल्या तुऱ्यातलं बी पुडीत बांधून पाठवलंस आणि कळवलंस की यातलं एक जरी निळं फुललं, तर येईन. ही अट तू कशाच्या भरवशावर घातलीस ते मला पक्कं ठाऊक आहे. माझ्या हातून निवडुंगसुद्धा वाचलेला नाही.

पण मी हट्टाला पेटलो. बी पेरण्याआधी ते थंडीत ठेवावं लागतं, एवढं मला दाजींच्या बोलण्यातलं आठवत होतं. (त्यांनी बाकीचंही समजावलं होतं. मी तेव्हा मान डोलावत चहा पीत होतो.) म्हणून ओल्या कागदात गुंडाळून, मनगटी घड्याळाच्या डबीत घालून, मी ते फ्रीजमध्ये लोण्याशेजारी ठेवलं. तिथवर सगळं सुरळीत होतं. मग या झाडाचं सगळं अंग विषारी असतं, हे मी हिला सहज बोलून गेलो. हिने आधी डबीला ‘विष’ लिहिलेली लाल पट्टी चिकटवली, मग कप्प्याला, मग फ्रीजच्या दाराला. त्याच आठवड्यात जावई राहायला आले. पट्टी पाहून त्यांनी नळाच्या पाण्याशिवाय कशाला तोंड लावलं नाही आणि तातडीचं काम निघाल्याचं सांगून ते गेले. मुलीने नंतर फोनवर मला जे सुनावलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

पेरणी मात्र मी अशी केली की दाजींनी पाठ थोपटली असती. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस मी. डोळ्याला भिंग लावलं आणि अर्धं बी चिमट्याने एकेक उचलून ट्रेमधल्या मातीत सरळ रांगांत मांडलं. वर काळं कापड घातलं, कारण हे बी अंधारात उगवतं. म्हणजे न बघता उगवतं, आणि इथेच माझी पंचाईत झाली. झाकण उघडून पाहिल्याशिवाय घड्याळ चालतंय हे मी आयुष्यात कधी मान्य केलेलं नाही. मी रोज सकाळी एकेक बी उकरून काढायचो, भिंगाखाली धरून सुरू झालंय का बघायचो, आणि परत जिथल्या तिथे ठेवायचो. एक दिवस हिने मला चिमट्यासकट पकडलं. पेशंटला झोपू द्या, एवढंच म्हणाली आणि डबीत उरलेलं अर्धं बी जप्त करून घेऊन गेली. ते कुठे ठेवलं हे विचारायची माझी छाती झाली नाही.

तरीही उगवलं, ताई! चांगलं दणदणीत उगवलं. रांगेत नव्हतं, हे तेव्हाच खटकायला हवं होतं, पण आनंदात माणूस रांगा बघत नाही. ती रोपं मी पुढच्या भिंतीलगत लावली, जुन्या छत्रीच्या काड्यांचा आधार दिला, उगवतीच्या उन्हाकडे तोंड करून प्रत्येकाला बांधलं. गोगलगायींचा उपद्रव सुरू झाला तेव्हा डोळ्यांत तेल घालून पहारा केला. जीव घेणं माझ्याच्याने होत नाही, म्हणून एकेकीला चिमट्याने अलगद उचलायचं, डब्यात घालायचं आणि मागे पाण्याच्या टाकीपलीकडे सन्मानाने सोडून यायचं, असा माझा दिनक्रम झाला. दर नव्या पानाला मी तुला फोन करत होतो. तू घाईने फोन ठेवायचीस. मला वाटायचं, आनंद लपवायला. आता वाटतं, फुललं तर यावं लागेल या धास्तीने.

मग फुलं आली. पिवळी आली. शर्टाच्या बटणाएवढी, आणि ढिगाने. शेजारचे ड्रॉइंग मास्तर डोकावले तेव्हा मी त्यांना सांगितलं, निळा रंग उतरायला वेळ लागतो. ते हसले नाहीत, हेच मला लागलं. त्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली आणि मग अगदी हळू सांगितलं की हे तण त्यांच्या फाटकाबाहेरच्या गटाराकाठी माजलेलं आहे आणि त्याला कोणी पाणीही घालत नाही. खताबरोबर आलं असावं. तुझं बी माझ्या रोजच्या तपासणीत केव्हाच दगावलं होतं आणि मी तणाला छत्र्या धरून उभा होतो. हे आता हसत लिहितोय, पण त्या संध्याकाळी पायरीवर बसून मला फार वाईट वाटलं. फुलाचं सोड. तुला आता यायला काही कारणच उरलं नाही, त्याचं वाईट वाटलं.

ही बाहेर आली. माझा दंड धरून मला टाकीमागे घेऊन गेली. तिथे कोपऱ्यात, टेकवलेल्या पत्र्याआड सावलीत, हॉस्पिटलच्या जुन्या इनॅमलच्या ट्रेशेजारी एक कुंडी होती, आणि कुंडीत गुडघ्याएवढा एक तुरा, मिटलेल्या कळ्यांचा. जप्त केलेलं बी हिने ट्रेमध्ये पेरलं होतं, पाणी दिलं होतं आणि उगवेपर्यंत अजिबात बघितलं नव्हतं. माझ्या चिमट्याच्या भीतीने मला पत्ता लागू दिला नव्हता. सगळा ट्रे भरून रोपं आली होती म्हणे. पण का कोण जाणे, साऱ्या गावच्या गोगलगायी नेमक्या त्याच कोपऱ्यात जमल्या. हिने राख टाकली, अंड्याची टरफलं पसरली, शेवटी हात टेकले. एकच रोप तगलं. मी हे सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं.

तेव्हापासून मला सकाळ-संध्याकाळ भेटीची वेळ ठरवून दिली होती, हात पाठीमागे बांधून. आज सकाळी खालची कळी उमलली. निळी आहे, ताई. दाजींच्या वाफ्यातलं तेच निळं, मधे तोच पांढरा ठिपका. मी भिंग लावून बघत होतो, पण भिंगालाच ओल आली, म्हणून काढून ठेवलं.

तेव्हा आता बॅग भर. फुललं तर येईन, असं तुझं वाक्य होतं. कोणी फुलवलं याबद्दल तू चकार शब्द काढला नव्हतास. तुझ्या मुलाशी मी परस्पर बोललो आहे, तो गाडीने आणून सोडणार आहे. लिफ्ट बंद असल्याचं कळवू नकोस, तेही मी त्याला विचारून घेतलं आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. कुंडीच तुझ्याकडे घेऊन यावी, असं माझ्या मनात आलं होतं. पेशंटला हलवायचं नाही, असा वरून हुकूम आहे. तुलाच यावं लागेल.

ता. क. गोगलगायी मी कुठे नेऊन सोडत होतो ते हिच्या अजून लक्षात आलेलं नाही. इथे आल्यावर तेवढा विषय काढू नकोस.

ता. क. वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. गोगलगायींचा उलगडा झाला, ते मी बघते. फूल खरंच आलं आहे, यांच्या सांगण्यावर विश्वास नसेल तर माझ्यावर ठेवा. तुमची खोली झाडून ठेवली आहे, खिडकी टाकीच्या बाजूला उघडते. आणखी एक. फुलं सरली की बी धरेल, ते केव्हा आणि कसं काढायचं हे दाजींनी फक्त तुम्हाला दाखवलं होतं, आम्हाला दोघांनाही येत नाही. तेव्हा परतीचं काही ठरवून येऊ नका.