सत्तावन्न सालचे दहा सर्वोत्कृष्ट

४ जानेवारी, रविवार. सकाळी ९.
काल बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डावा डोळा केव्हाच गेलाय. आता उजवाही मधोमध पुसट होत चाललाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फार तर तीन महिने. काय दाखवायचं असेल ते आत्ताच दाखवून घ्या.
येताना टॅक्सीत विचारलं, बाबा, काय बघायचंय? वाटलं, समुद्र म्हणतील, नाहीतर ताईचं नवं घर. म्हणाले, सत्तावन्न सालचा एखादा पिक्चर. पहिल्यापासून शेवटपर्यंत, खुर्चीत बसून. तुझ्याबरोबर.
बाबा अठराव्या वर्षी थिएटरात ऑपरेटर म्हणून चिकटले, ते साल सत्तावन्न. तेव्हा एक रीळ जेमतेम दहा मिनिटांचं. एका मशीनवर ते चालू असताना दुसऱ्यावर पुढचं चढवायचं, आधीचं उलटं गुंडाळायचं. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका दिसतो. पहिल्या ठिपक्याला दुसरं मशीन सुरू, दुसऱ्या ठिपक्याला बदल. त्यामुळे त्या वर्षीच्या प्रत्येक पिक्चरच्या प्रत्येक रिळाचं फक्त शेवटचं मिनिट त्यांनी पाहिलंय. पुढे मोठी रिळं आली, जरा उसंत मिळाली. पण पहिलं वर्ष तसंच राहून गेलं.
डोळे भरून आले. संकल्प: सत्तावन्न सालचे दहा सर्वोत्कृष्ट चित्रपट. दर रविवारी एक. १५ मार्चला दहावा. तीन महिन्यांच्या आत, आरामात.

११ जानेवारी, रविवार.
आज सुरुवात होऊ शकली नाही. यादी पक्की नाही. बाबा म्हणतात कुठलाही चालेल, पण असं कुठलाही लावून कसं चालेल? ऑफिसात मला सगळे चित्रपटतज्ज्ञ म्हणतात. (पहिल्यांदा कॅशियर टोमणा म्हणून म्हणाला होता, पण नाव टिकलं.) सध्या एकतीस चित्रपट काढलेत. त्यातून दहा निवडणं पोरखेळ नाही.
बाबा जेवण झाल्यावर चष्मा पुसून खुर्चीत येऊन बसले होते. त्यांना सांगितलं, पुढच्या रविवारी. बरं म्हणाले. चष्मा डब्यात ठेवला.
डब्याचा तो टक् आवाज अजून कानात आहे. पुढच्या रविवारी नक्की.

२५ जानेवारी, रविवार.
गेल्या रविवारी सर्दी. आज यादी दहावर आली, पण चौथा आणि पाचवा यांच्यात क्रम ठरेना. बायकोने विचारलं, यातला एक तरी तुम्ही पाहिलाय का? मी म्हटलं, तज्ज्ञाला सगळं बघावं लागत नाही. ती म्हणाली, हो, आमच्या दंतवैद्यालाही सगळे दात काढावे लागत नाहीत, पण एखादा तरी काढतो.
पडदा आणि प्रोजेक्टर मागवला. बाबांना टीव्हीच्या चौकोनात दाखवायचं मनाला पटत नाही. मोठा पडदा, मग बघू कोण काय म्हणतं.

८ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४.
पडदा आला. तीन भोकं पाडली, तिसरं शेजाऱ्यांच्या बाजूला निघालं. शेजारी आले, चहा घेतला, भोक बघितलं, गेले. दुपार त्यात गेली.
बाबांनी पडद्याच्या खालच्या काठावरून हात फिरवला आणि सांगितलं, डावीकडे दोन बोटं खाली आहे. त्यांना ते दिसलं की हाताला कळलं? विचारायचा धीर झाला नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार.
मोठी बातमी. ग्रंथालयात भेटलेल्या ग्रंथपालांनी मला व्याख्यान द्यायला बोलावलंय. २९ मार्च. विषय मीच सुचवला: सत्तावन्न सालचे दहा सर्वोत्कृष्ट. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणून टाकलं. आता एका दगडात दोन पक्षी. बाबांना दाखवता दाखवता माझी तयारी.
घरी आलो तर बाबा खुर्चीत. म्हणाले, आज उशीर झाला ना, असू दे. मीच ते बोलायच्या तयारीत होतो. त्यांनी आधी म्हटल्यावर फार वाईट वाटलं.

१ मार्च, रविवार.
वेळ कमी. दहा चित्रपट म्हणजे पंचवीस तास. तेव्हा युक्ती काढली. बाबांनाच विचारलं, काय काय आठवतंय ते सांगा. डोळे मिटून तीन तास बोलले. त्यांना चित्रपटांची नावं नीट आठवत नाहीत. चौदा रिळांचा, सोळा रिळांचा, आणि तो एक ज्याचं नववं रीळ सारखं तुटायचं, अशी ओळख. चौदा रिळांचा म्हणजे दोन बहिणींचा, माझ्या यादीत पहिला. मी बावीस पानं भरली. बाबा खूश दिसले. मग हे वाईट कसं?
बायको म्हणाली, मी रोज दुपारी घरीच असते, मी लावून देते त्यांना एकेक. मी म्हटलं, क्रम बिघडेल. बाबाही म्हणाले, नको सूनबाई, त्याच्याबरोबर ठरलंय.
त्यांनी असं म्हणायला नको होतं. रागावून काही म्हणाले असते तर मलाही रागावता आलं असतं.

१५ मार्च, रविवार.
ठरल्याप्रमाणे आज दहावा चित्रपट व्हायचा होता. झालेले: शून्य.
सकाळी बाबांनी चहा ओतला तो कपाच्या शेजारी. बायकोने फडक्याने पुसला. मी पेपर वाचत होतो, म्हणजे तोंडासमोर धरला होता.
व्याख्यान एकदा होऊन जाऊ दे. मग डोकं मोकळं. मग रोज एक.

१६ मार्च, सोमवार. ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत.
विम्याचा एक क्लेम नामंजूर केला. नव्वद दिवसांची मुदत, अर्ज अकरा दिवस उशिरा. कारणाच्या रकान्यात माणसाने लिहिलंय, अजून वेळ आहे असं वाटलं. वीस वर्षं मी अशी कारणं वाचतोय, आणि एकही मला कधी पटलेलं नाही. आज सही करायला वेळ लागला.

२९ मार्च, रविवार. संध्याकाळी ७.
व्याख्यान झालं.
सविस्तर लिहिणार नव्हतो, पण डायरीशी खोटं बोलून काय मिळणार? चाळीस माणसं. बाबा पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट. मी बावीस पानं घेऊन उभा. पहिल्या चित्रपटात थोरली बहीण बंगल्याचं फाटक लावून निघून जाते. मग बोट सुटते. मग वकील टोपी उचलून निघून जातो. दुसऱ्या चित्रपटात दिवा विझतो, डॉक्टर निघून जातो. माझा आवाज छान लागला होता. तिसऱ्या चित्रपटाला दुसऱ्या रांगेतल्या निवृत्त मुख्याध्यापिकांनी हात वर केला. विचारलं, या चित्रपटांत कुणी कधी घरात येतं का? सगळे नुसते निघूनच जातात.
लोक हसले. मीही हसलो, तेव्हा त्यांनी पुढचं विचारलं. मग ती थोरली बहीण घर का सोडते?
बावीस पानं उलटली. नव्हतं. असणार कुठून? प्रत्येक रिळाचं शेवटचं मिनिट तेवढं माझ्याकडे होतं.
तेवढ्यात बाबा उठले. खुर्चीची पाठ धरून, मुख्याध्यापिका बसल्या होत्या त्याच्या जरा डावीकडे तोंड करून म्हणाले, बाई, ही माहिती माझी आहे. मी ते पिक्चर दाखवलेत, पाहिलेले नाहीत. चूक माझी. पोराने मेहनत घेतलीय.
टाळ्या झाल्या, त्यांच्यासाठी. घरी येताना ते माझा दंड धरून चालत होते. पूर्वी धरत नसत. मी रस्ताभर फक्त खड्डे आणि पायऱ्या सांगत आलो.

४ एप्रिल, शनिवार.
डॉक्टरीणबाई. मधलं सगळं गेलं. कडेकडेचं थोडं कळतं, उजेड कळतो. त्यांनी सहज विचारलं, मग काय काय पाहिलंत? मी भिंतीवरच्या तक्त्यातली सगळ्यात बारीक ओळ वाचत बसलो. मला ती वाचता येते. बाबा म्हणाले, मुलाचं व्याख्यान ऐकलं. भरपूर गर्दी होती.
घरी आल्यावर बायको म्हणाली, आता लावा एकदाचा. मी म्हटलं, आता काय उपयोग, वरातीमागून घोडं. ती म्हणाली, वरात अजून घरातच बसलीय, खुर्चीत.

५ एप्रिल, रविवार. दुपारी २.
जेवण झालंय. पडदा लावलाय, दोन बोटं वाकडा. यादीतला पहिला, चौदा रिळांचा. बाबांना सांगितलं, तुम्हाला दिसणार नाही ते मी सांगत जाईन. म्हणाले, तू सांग, मी बघतो.
संकल्प: एकही प्रसंग सुटणार नाही.

त्याच दिवशी. संध्याकाळी ५.४०.
सुरुवात उत्तम झाली, हे नोंदवून ठेवतो. बंगला सांगितला, फाटक सांगितलं, दोघी बहिणींचे चेहरे सांगितले. बाबांनी विचारलं, धाकटी दिसायला कशी आहे? मी म्हटलं, आईसारखी, हनुवटीपाशी. ते हसले. दोन रिळं झाली. तिसऱ्याच्या शेवटी ते म्हणाले, आला. कोपऱ्यात खरंच ठिपका आला. त्यांना दिसला की सवयीने कळला, आजही विचारलं नाही.
जेवण जरा जास्त झालं होतं.
जाग आली तेव्हा पडदा काळा. माझ्या अंगावर कुणीतरी चादर घातलेली. बाबा ताठ बसलेले, तोंड पडद्याकडे, मांडीवर चष्मा. बायको म्हणाली, चौथ्या रिळापासून तुम्ही नव्हताच.
बाबांना विचारलं, उठवलं का नाही? म्हणाले, दमला होतास. घोरत होतास म्हणून सूनबाईला थोडा आवाज वाढवायला सांगितला.
कसनुसा होऊन विचारलं, शेवट कळला का?
म्हणाले, शेवट मला माहीतच होता रे. मधलं तू सांगणार होतास.
चिडले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं. रिमोट शोधला, चादरीत सापडला. म्हटलं, पुन्हा लावतो, पहिल्यापासून, आत्ताच.
बाबांनी खुर्ची जरा पुढे सरकवली. म्हणाले, आधी तोंड धुऊन ये.