राहिलेल्या राजहंसीला मका चारू नये

मी, तुकाबाई ज्योतिबा ठोंबरे, वय चौऱ्याहत्तर, राहणार येडगाव, तालुका जुन्नर, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या मनाने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. बिघडले आहे ते लिव्हर.

१. घर व धरणाकडची जमीन मुलगा गोरक्ष याला. एकुलता आहे, भांडण नाही.

२. नणंद सोनीबाई हिला काही नाही. पितळी घागर नेली ती परत आणलीच नाही, तीच तिला लखलाभ.

३. मालकांनी मेंढरे विकून राजहंस पाळले. धरणाच्या काठी गवत खाऊन ते धडधाकट असत. मालक गेल्यावर गोरक्षने त्यांना खुराड्यात कोंडले आणि जत्रेच्या एडक्याला चारतात तशा मक्याच्या घुगऱ्या चोचीत कोंबल्या. मेंढराची रीत पाखराला लावली. "आई, बघ की, लई बाळसं धरलंय!" म्हणायचा. मग एकेक मेले. जनावरांच्या डॉक्टरने रक्त काढले, त्यावर चरबीची साय आली. पोट फाडले तर लिव्हर पिवळे, खव्यासारखे बोटाने मोडणारे. गोरक्ष म्हणाला, "म्या तर मायेनं चारलं व्हतं." ते खरेच होते. मला रडू आले नाही, अजून येत नाही.

४. माझ्या तपासणीत तेच निघाले, रक्तात चरबी, लिव्हरवर चरबी. मालक गेल्यापासून हा पोरगा ताटावर तुपाची धार धरून समोर बसतो. म्हणतो, "एवढं खा," बस. नको म्हटले की तोंड उतरते, म्हणून मी खाते. डॉक्टरने तूप बंद सांगितले तर म्हणतो, "डॉक्टरला काय कळतंय, आई वाळाया लागली!" त्याला कोणी बोल लावू नये. सून सुप्रिया मला चोरून कोरडी भाकरी देते, बोरमाळ तिला.

५. एक राजहंसी वाचली आहे, ती नात दिशाला. अजून कोंडलेलीच आहे. सोड म्हटले की गोरक्ष म्हणतो, "बाहेर उपाशी मरंल ती." खुराडे मोडावे, तिला धरणावर सोडावे.

६. माझ्या दहाव्याला कावळा शिवला नाही, तर पिंडावर आणखी तूप ओतू नये, जिलेबी ठेवू नये. गोरक्षने हात जोडून एवढेच म्हणावे, "आई, खुराड्याचं दार उघडतो." शिवेल.

वाचून पाहिले, बरोबर आहे, म्हणून सही केली.

तुकाबाई ज्योतिबा ठोंबरे

आमच्यासमोर सही झाली :
१. भगवंत रामभाऊ नेहरकर
२. साळुबाई भगवंत नेहरकर

येडगाव, दि. १७ फेब्रुवारी २०२५