हातावरचा काळानिळा डाग

अणदूरला, तीर्थरूप अण्णांना योगीराजचा नागपूरहून नमस्कार.

माझ्या हातावरचा काळानिळा डाग तुम्हाला व्हिडिओ कॉलवर दिसला. घाबरू नका.

इथं दवाखान्यात नवे डॉक्टर माझ्या हाताखाली शिकतात. रक्त काढताना त्यातल्या सोनालीची सुई चुकली, तसं मी तिला पेशंटसमोरच लई बोललो. मग ती पेशंट म्हातारी सोनालीला हात लावू देईना.

दुसऱ्या दिवशी म्हातारीच्या खाटेशी बसून मी माझाच हात सोनालीपुढं केला. सुई दोनदा चुकली. मी हात तसाच पुढं धरला. तिसऱ्यांदा शीर सापडली.

मग म्हातारीनंच हात पुढं केला. "आता माझं काढ, पोरी."

तुमचा खोकला थांबला का? आईला डागाचं खुशाल सांगा. पोरीला चारचौघांत बोललो, ते मात्र सांगू नका.

तुमचा योगीराज