गाळून उरलेले पाणी

प्रति,
मा. मुख्य अभियंता,
पाणीपुरवठा विभाग, शहर कार्यालय,
दुसरा मजला, तक्रार खिडकीमागची खोली.

विषय : घरात साठवलेले पाणी आपल्या विभागाने परत नेण्याबाबत, तसेच अन्य एका बाबतीत आपल्या सहीचे उत्तर मिळण्याबाबत.

संदर्भ : १) विहिरींच्या पाण्यात आढळलेल्या रसायनांविषयी आपल्या विभागाने घरोघर टाकलेले पत्रक.
२) घरात पाण्याचा साठा केल्याबद्दल आरोग्य विभागाने बजावलेली नोटीस.
३) अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज, ज्यांना उत्तर आलेले नाही.

महोदय,

१. अर्जदार हा बस डेपोतून निवृत्त झालेला मेकॅनिक असून गल्लीच्या टोकाच्या दुमजली घराचा मालक आहे. घरचा नळ त्याच्याच नावावर आहे. अर्जदाराची पत्नी प्रसूती रुग्णालयात नोकरीस होती. कात्र्या, चिमटे, भांडी उकळून निर्जंतुक करण्याची जी खोली असते, तिथे तिचा जन्म गेला. "या शहरातल्या निम्म्या नाळा मी उकळलेल्या कात्रीनं कापल्यात," असे ती गमतीने म्हणत असे. उकळत्या पाण्यावर तिची श्रद्धा होती, हे आपण कृपया ध्यानात घ्यावे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

२. गेल्या वर्षी संदर्भ क्र. १ चे पत्रक दाराखालून आत आले. त्यात म्हटले होते की, ज्यांचे पाणी आमच्या नळांना येते त्या विहिरींच्या वरच्या अंगाला भांड्यांवर न चिकटणारा लेप चढवणारा जो कारखाना होता, त्यातली काही रसायने पाण्यात उतरली आहेत. ती वर्षानुवर्षे नष्ट होत नाहीत. तथापि त्यांची मर्यादा अद्याप निश्चित झालेली नसल्याने ती ओलांडली गेलेली नाही. सबब पाणी पिण्यास हरकत नाही. ज्यांना काळजी वाटते त्यांनी योग्य ती खबरदारी घ्यावी. पत्नीने ते मोठ्याने वाचले आणि म्हणाली, "म्हणजे आग लागलेली नाही, पण पळा."

त्या वेळी अर्जदाराची सून गरोदर होती. चौथा महिना सरत आला होता. घरात काळजी वाटणारे कोण हे त्यामुळे वेगळे विचारायला नको होते.

३. योग्य ती खबरदारी म्हणजे कोणती, हे विचारण्यास अर्जदार व त्याची पत्नी आपल्या कार्यालयात आले. खिडकीवरच्या बाई कामात होत्या. पत्नीने विचारले, "पाणी उकळून प्यायलं तर चालेल ना?" बाई मान वर न करता म्हणाल्या, "उकळा की. उकळलेलं केव्हाही चांगलंच." त्या बाईंविषयी अर्जदाराची तक्रार नाही. त्यांना कोणी सांगितले नसेल. पण त्या खिडकीवर आपल्या विभागाची पाटी होती, आणि पत्नीने ते उत्तर पाटीचे म्हणून घेतले.

त्या दिवसापासून तिने सुनेसाठी वेगळे पातेले काढले. आधण आले की पुरे, असे नव्हे. पाणी निम्म्यावर येईपर्यंत ती गॅस बंद करत नसे. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचा दिवसभर धुरकट असत. सून हसून म्हणे, "आई, मला मूल होणार आहे, माझं ऑपरेशन नाहीये." पत्नी म्हणे, "पी गुपचूप." सून प्यायची. नळाचा एक थेंब पत्नीने तिच्या पोटात जाऊ दिला नाही.

४. सातव्या महिन्यात मूल पोटातच गेले. मुलगी होती.

सुनेला घरी सोडताना डॉक्टरांनी खाण्यापिण्याची चौकशी केली. पत्नीने अभिमानाने नव्हे, पण खात्रीने सांगितले की पाणी ती स्वतः निम्मे आटवून देत होती. डॉक्टरांनी समजावले, ते असे : उकळण्याने जंतू मरतात, हे जंतू नव्हेत, यांना जीवच नाही, तर मरतील कसे? पाणी वाफ होऊन जाते, हे खाली राहतात. निम्मे आटवले की उरलेल्या निम्म्यात ते दुप्पट.

अर्जदाराने विचारले, "मग हे त्यामुळेच झालं का?" डॉक्टर म्हणाले, "पाण्यामुळे झालं असं म्हणता येणार नाही. पाण्यामुळे झालं नाही, असंही म्हणता येणार नाही." डॉक्टर प्रामाणिक होते. पण महोदय, अशा वाक्यावर माणसाने पाठ टेकायची कशी?

बाहेरच्या बाकावर अर्जदाराचा मुलगा बसला होता. तो आईला म्हणाला, "उकळून उकळून तूच पाजलंस ना." तो रागाने बोलला नाही. तो नुसता थकलेला होता, म्हणून ते जास्त लागले. पत्नीने पिशवी उचलली आणि ती जिना उतरू लागली.

त्यानंतर मुलगा व सून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहावयास गेले. तिकडचे पाणी तलावाचे आहे. पत्नीने उकळणे सोडले. आजही चहाला आधण आले की ती ओट्यापासून लांब जाऊन उभी राहते आणि गॅस अर्जदाराला बंद करावा लागतो.

५. घर विकून आपणही जावे, असे अर्जदाराच्या मनात आले होते. पण विकायचे म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी सुनेला हा नळ द्यायचा. पत्नी म्हणाली, "नको." तो विषय तिथेच मिटला.

मग अर्जदाराने, लोखंडाशी संसार केलेला माणूस करील तसे, यंत्राच्या बाजूने शोध घेतला. कळले ते असे : साध्या जाळीच्या फिल्टरचा उपयोग नाही. चांगल्या कोळशाची कँडल असलेला फिल्टर बरेचसे रसायन अडवतो. ओट्याखाली बसवायचा आरओ त्याहून जास्त. कँडल वेळेवर बदलली नाही तर भरलेल्या पोत्यासारखी ती उलट सांडू लागते. पाणी आधी आणि नंतर असे दोनदा तपासून घ्यावे. अंघोळीला, कपड्यांना नळाचे चालते. हे सारे आपल्या पत्रकात चार ओळींत मावले असते.

अर्जदाराने ओट्याखाली आरओ बसवून घेतला. प्लंबर बोलका होता. त्याने एक बारीक नळी मोरीकडे वळवली. पत्नीने विचारले, "ही कशाची?" तो म्हणाला, "बाई, एक भांडं चांगलं पाणी मिळतं, तर दोन-तीन भांडी वाया जातात. काढलेली घाण त्या पाण्याबरोबर जाते." "कुठे जाते?" "मोरीतून गटारात, गटारातून नदीत, नदीतून खालच्या गावाच्या नळात." आणि धीर द्यावा म्हणून त्याने पुढे सांगितले, "काळजी करू नका, आपल्याकडे परत येत नाही."

पत्नीने त्याच्या हातातली नळी घेतली आणि बादलीत सोडली.

६. तेव्हापासून ते पाणी अर्जदाराच्या घरात आहे. बादल्या भरल्या, मग हंडे, मग पिंपे. पिंपांना झाकणे आहेत, पत्नी ती रोज पुसते. आधी मागची पडवी भरली, मग मुलाची खोली, आता जिन्याखालची जागा आणि पुढचे बोळकांडे. घरात तिरके चालावे लागते. मुलाच्या खोलीची जमीन एका कोपऱ्यात खचू लागली आहे. वापरून झालेल्या कँडल पत्र्याच्या डब्यात बंद आहेत, कारण कचऱ्याच्या गाडीवाल्याने "यात काय आहे?" विचारले, पत्नीने खरे सांगितले, आणि त्याने डबा परत दिला.

अर्जदाराने तिला समजावले नाही, असे नव्हे. तो म्हणाला, "अगं, आपण अंघोळ करतो ते पाणीही नदीतच जातं. तेच पाणी, तेच रसायन." ती म्हणाली, "ते आलं तसं गेलं. हे तसं नाही. यातलं चांगलं आपण काढून घेतलंय आणि वाईट तेवढं दाट करून पुढे ढकलायचं. दाट करून मी एकदा पाजलंय." यावरचे उत्तर आपल्याकडे असल्यास कळवावे.

अर्जदाराने कार्यालयांचे उंबरे झिजवले. मलनिस्सारण विभागाने सांगितले, खुशाल मोरीत ओता. पत्नी ऐकेना. घातक कचरा विभागाने सांगितले, हा कचरा नव्हे, पाणी आहे, पाणीपुरवठ्याकडे जा. आपल्या विभागाने तोंडी सांगितले की, मीटरच्या पुढे गेलेले पाणी ग्राहकाचे. म्हणजे रसायन कारखान्याचे होते, विहिरीत उतरले तेव्हा कोणाचेच नव्हते, आणि आता ते अर्जदाराचे आहे. आयुष्यात काही मिळवले नाही, असे अर्जदाराला यापुढे म्हणता येणार नाही.

७. शेजाऱ्यांपैकी कोणी कळवले असावे. आरोग्य निरीक्षक डासांच्या अळ्या शोधण्यास आले. तरुण, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी एकेक झाकण उचलून बॅटरी मारली. एकही अळी सापडली नाही. तरी साठा हा साठाच, असे म्हणून ते नोटीस लिहू लागले.

पत्नीने त्यांना बसायला दिले व विचारले, "हे मी ओतलं, तर खालच्या गावात कोण पितं?"

निरीक्षकांचा हात थांबला. ते म्हणाले, "माझी बहीण तिकडेच दिली आहे."

मग म्हणाले, "बाई, हे तुम्ही मला विचारायला नको होतं." त्यांनी नोटीस पुरी केली, सही केली, पण पाणी किती दिवसांत काढावे ती जागा कोरी सोडली. ती संदर्भ क्र. २ ची नोटीस. तिचा भंग नेमका केव्हा होतो, हे अर्जदारास त्यामुळे समजत नाही.

८. आता मूळ कारणाकडे येतो.

गेल्या रविवारी अर्जदाराची सून एकटीच आली. मुलाला तिने सांगितले नव्हते. बोळकांड्यातून पिंपांपासून अंग चोरत ती आत आली, स्वयंपाकघरातल्या नेहमीच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "आई, मला पुन्हा दिवस गेलेत."

पत्नीने तिच्या तोंडावरून हात फिरवला.

सून म्हणाली, "दवाखान्यात हे बोलले, ते मी बोललेली नाही. मला मनातही आलं नाही. आई, पाणी द्या ना, तुमच्या हातचं."

पत्नी उठली. पेला दोनदा विसळला, फिल्टरच्या नळाखाली धरला, भरला. कँडल नुकतीच बदललेली होती. प्रयोगशाळेचा अहवालही चांगला होता. त्यात "आढळले नाही" असे आहे. मात्र तो देताना तिथल्या गृहस्थांनी सांगितले होते की, आढळले नाही म्हणजे नाही असे नव्हे, यंत्राला दिसले नाही इतकेच. हे वाक्य पत्नीने ऐकले होते.

भरला पेला घेऊन ती वळली आणि मध्येच उभी राहिली. अर्जदाराकडे पाहून म्हणाली, "अहो, देऊ का?"

महोदय, अर्जदाराने बसगाड्यांचे ब्रेक दुरुस्त केले आहेत. माणसांनी भरलेली गाडी घाटात सोडताना "जाऊ दे" असे त्याने हजारदा म्हटले आहे. त्या दिवशी त्याला ते म्हणता आले नाही. नको, असेही म्हणता आले नाही. सून हात पुढे करून बसली होती. मग तिने हात मागे घेतला, उठून पत्नीच्या खांद्याला धरले आणि म्हणाली, "राहू दे. येत्या रविवारी परत येते." आणि गेली.

तो पेला ओट्यावर बशी झाकून ठेवला आहे. पत्नी तो पीतही नाही, ओततही नाही.

९. सबब विनंती की,

(अ) अर्जदाराच्या घरातील पाणी व कँडलचे डबे आपल्या विभागाने घेऊन जावेत. ते शक्य नसल्यास, जेथे ओतले असता ते कोणाच्याही घरी पोहोचणार नाही, अशी एक जागा शहराच्या नकाशावर दाखवावी.

(ब) उकळण्याचा सल्ला चुकीचा आहे, हे मोठ्या अक्षरांत छापून पुन्हा घरोघर टाकावे. गल्लीत अजून तीन घरांच्या काचा धुरकट दिसतात.

(क) रविवारी सून येईल, तेव्हा पत्नीने पेला तिच्या हाती द्यावा किंवा कसे, एवढे कळवावे. लांब उत्तराची गरज नाही. "द्या" किंवा "देऊ नका", खाली सही आणि कार्यालयाचा शिक्का. इतके होऊनही पत्नी शिक्क्याला मानते. रविवारपर्यंत आपले उत्तर न आल्यास ते अर्जदारालाच द्यावे लागेल, आणि ते अर्जदाराकडे नाही.

कळावे,

आपल्याच नळाचा ग्राहक,
(सही)
गल्लीच्या टोकाच्या घराचा मालक

दिनांक : आपल्या आवक शिक्क्यावर पडेल तो.

सोबत : १) आरोग्य विभागाची नोटीस, मुदतीची जागा कोरी.
२) प्रयोगशाळेचा अहवाल.
३) दोन बाटल्या : एकीत गाळलेले पाणी, दुसरीत गाळून उरलेले. दोन्हींवर चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. त्या कृपया काढू नयेत. चिठ्ठ्या निघाल्यास कोणते पाणी कोणते, हे अर्जदारालाही सांगता येणार नाही.