फसलेला पास

तीर्थरूप बाबांस,
तुमचा दुखरा गुडघा सांभाळून पायांना हात लावतो.

माझा खोकला जवळजवळ गेलाय, आईला सांगा.

काल कामावर, लॉन्ड्रीत जेवताना सगळे फुटबॉलच्या मॅचवरून भांडत होते. इस्त्रीवाला म्हणाला, "नुसते पास देत बसतात. कोचलाच हाकला!" मी तावातावाने तुमचंच वाक्य ऐकवलं, "चेंडू आपल्याकडे असेल तर समोरचा गोल करणार कसा?"

आणि डबा तसाच बंद केला. आपल्या क्लबच्या फायनलला तुम्ही बाहेरून "जवळ पास दे" म्हणून ओरडत होतात. मी घाबरून चेंडू लांब फटकावला, तो थेट त्यांच्या पायात गेला आणि गोल झाला. लोकांना तो तुम्ही शिकवलेला, फसलेला पास वाटला. तुमचं कोचपद गेलं. मी गप्प बसलो, तुम्हीही कुणाला सांगितलं नाहीत.

हे पत्र क्लबात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा.

तुमचा धाकटा